जुनी आलिशान गाडी : घेताना स्वस्त, पोसताना महाग

तीस-पस्तीस लाखांची परदेशी बनावटीची गाडी आठ-नऊ लाखांत मिळतेय म्हटल्यावर कुणालाही मोह होणारच. पण दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांतून अशी गाडी घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला, तर चित्र वेगळेच दिसते.

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. दहा वर्षांपूर्वी ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज तिच्या मालकाने अवघ्या अडीच लाखांना विकून टाकली होती. मालकाच्या सांगण्यानुसार गाडी अगदी व्यवस्थित होती, फारशी फिरलेलीही नव्हती. तिचा दोष एवढाच, की ती डिझेलवर चालत होती आणि तिला दहा वर्षे पूर्ण होत आली होती.

अशा बातम्या वाचल्या की पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या माणसाला वाटते, दिल्लीला जावे आणि एखादी गाडी घेऊन यावे. नोएडा, गुडगाव, गाझियाबाद येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा बाजार घराच्या दारातच आहे. करोल बागेत एक फेरी मारली, की चकाचक पॉलिश केलेल्या बी.एम.डब्ल्यू., ऑडी आणि मर्सिडीज रांगेने उभ्या दिसतात. फार मोठ्या गाड्या सामान्य माणूस दुरूनच पाहतो. त्याचा जीव अडकतो तो त्यातल्या लहान चणीच्या, उंच बैठकीच्या गाड्यांमध्ये. पाच जणांचे कुटुंब बसते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावते, आणि पुढच्या जाळीवरचे बोधचिन्हही मिरवता येते!

या वर्गातल्या तीन गाड्या आपल्याकडे विशेष दिसतात. बी.एम.डब्ल्यू. एक्स-१ भारतात डिसेंबर २०१० मध्ये आली, तेव्हा तिची किंमत सुमारे २२ लाखांपासून सुरू होत होती. २०१२ मध्ये ऑडी क्यू-३ सुमारे २६ लाखांना आली. सप्टेंबर २०१४ मध्ये मर्सिडीज जी.एल.ए. दाखल झाली, ती ३३ लाखांच्या आसपास. यांपैकी एक्स-१ चेन्नईजवळ जुळवली जाई. क्यू-३ पुढे औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे आणि जी.एल.ए. पुण्याजवळच्या चाकणला जुळवली जाऊ लागली. गाड्या उत्तम आहेत यात शंका नाही. तिन्ही गाड्यांच्या युरोपातील आवृत्त्यांना तेथील सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळालेले आहेत. प्रश्न गाडी चांगली आहे की नाही, हा नाहीच. ती आठ-दहा वर्षांची झाल्यावर आपल्या घराच्या अंदाजपत्रकात बसते का, हा खरा प्रश्न आहे.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

जुन्या आलिशान गाडीबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट एकच. गाडीची किंमत दरवर्षी घटते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मेकॅनिकच्या मजुरीची किंमत घटत नाही. ३६ लाखांची गाडी तुम्ही ९ लाखांना घेतलीत, तरी तिचा दिवा, आरसा, ब्रेक-पॅड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे सर्व ३६ लाखांच्या गाडीचेच असते. दुकानदार तुम्हाला ‘गाडी जुनी आहे’ म्हणून ते पाव किमतीत देत नाही.

उलट गाडीचे वय वाढते तसा खर्च वाढतच जातो. पहिल्या मालकाने गाडी वॉरंटीच्या काळात वापरलेली असते. काही बिघडले तर कंपनीने ते फुकट बदलून दिलेले असते. मग वॉरंटी संपते, मोठ्या दुरुस्त्यांचे वय येते, आणि नेमकी तेव्हाच गाडी बाजारात येते. दुसऱ्या मालकाच्या वाट्याला झिजलेली रबरी बुशे, थकलेली बॅटरी, गुळगुळीत टायर आणि गिअरबॉक्सची मोठी सर्व्हिस एकदमच येते.

म्हणून आमचा सल्ला असा, की वर्षाच्या देखभालीचा अंदाज बांधताना तुम्ही मोजलेली किंमत विसरा आणि गाडीची नवी असतानाची किंमत धरा. तिचा निदान चाळिसावा हिस्सा दरवर्षी बाजूला काढता येत असेल, तरच पुढे पाऊल टाका. ३६ लाखांच्या गाडीला हे वर्षाचे ९० हजार रुपये झाले. याखेरीज अचानक येणाऱ्या मोठ्या दुरुस्तीसाठी दीड-दोन लाख रुपये बँकेत हात न लावता ठेवायला हवेत.

दिल्लीत गाडीचे वय कॅलेंडर ठरवते

देशात इतरत्र गाडी चालते तोवर चालते. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मात्र तसे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील गाड्यांबाबत आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत बंदीचे आदेश दिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून या भागात डिझेल गाडीचे आयुष्य दहा वर्षे आणि पेट्रोल गाडीचे पंधरा वर्षे असे गणित बसले. गंमत अशी, की रस्त्याचा कर मात्र दोघींनाही पंधरा वर्षांचाच भरावा लागला. दिल्लीत दहा लाखांवरच्या डिझेल गाडीला तो साडेबारा टक्के आहे.

१ जुलै २०२५ पासून अशा मुदतबाह्य गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधनच द्यायचे नाही, असा हुकूम निघाला. नंबरप्लेट ओळखणारे कॅमेरे पंपांवर बसले. लोकांमध्ये एकच हलकल्लोळ उडाला आणि काही दिवसांतच तो हुकूम लांबणीवर टाकावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून अशा गाड्यांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने त्यात दुरुस्ती केली. आता हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच राहिले.

दिल्लीत भारत स्टेज-४ चा नियम एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. त्यामुळे तेथे विकलेल्या एक्स-१, क्यू-३ आणि जी.एल.ए. या संरक्षणात बसतात. विक्रेते हेच पुढे करून सांगतात, ‘साहेब, आता काही भीती नाही.’ पण हे संरक्षण न्यायालयाच्या अंतरिम आदेशाचे आहे. एका आदेशाने मिळालेले दुसऱ्या आदेशाने जाऊ शकते. २०१४ पासूनचा हा इतिहास पाहता घरचे आठ-दहा लाख रुपये त्या भरवशावर लावणे शहाणपणाचे नाही.

हिवाळ्यात गाडी दारातच

वयाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी दिल्लीचा हिवाळा उरतोच. हवा अतिशय बिघडली, की प्रदूषणाविरुद्धच्या उपायांचा तिसरा टप्पा लागू होतो. ‘ग्रॅप’ या नावाने हे टप्पे तेथे सर्वांच्या तोंडी आहेत. तिसऱ्या टप्प्यात दिल्ली, गुडगाव, फरिदाबाद, गाझियाबाद आणि नोएडा येथे भारत स्टेज-३ च्या पेट्रोल आणि भारत स्टेज-४ च्या डिझेल मोटारींना रस्त्यावर आणण्यास मनाई असते. पकडले गेल्यास वीस हजार रुपयांपर्यंत दंड होतो. डिसेंबर २०२५ मध्ये तर दिल्लीबाहेर नोंदलेल्या आणि भारत स्टेज-६ च्या आधीच्या गाड्यांना दिल्लीत शिरायलाच काही काळ बंदी होती.

म्हणजे २०१७ ची डिझेल एक्स-१ कितीही सुस्थितीत असली, तरी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ती केव्हा दारात उभी राहील, सांगता येत नाही. मुलांना शाळेत सोडायचे, आजींना इस्पितळात न्यायचे, रात्रीच्या गाडीसाठी स्टेशन गाठायचे, त्या दिवशी टॅक्सीच बोलवावी लागेल. विम्याचा हप्ता आणि कर्जाचा हप्ता मात्र त्या दिवसाचाही चालूच राहणार.

यातून सरळ निष्कर्ष निघतो. राजधानी क्षेत्रातच राहणार असाल, तर एप्रिल २०२० नंतरची, भारत स्टेज-६ ची आणि शक्यतो पेट्रोलवर चालणारी गाडी पाहा. तिला दोन-चार लाख जास्त पडले, तरी तिची उरलेली वर्षे मोजा. किंमत भागिले उरलेली वर्षे, हाच खरा भाव.

डिझेल हवेच असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी ती उष्णतेने जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर बराच वेळ एका वेगाने धावावी लागते. रोज चार किलोमीटर शाळा आणि दोन किलोमीटर भाजीबाजार एवढेच फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते आणि ती बदलणे फार महाग पडते. दरमहा जयपूर किंवा डेहराडूनला जाणाऱ्याला डिझेल शोभते, गल्लीत फिरणाऱ्याला नाही.

कुठे काय बिघडते?

प्रत्येक गाडीची काही दुखरी ठिकाणे असतात. ती माहीत असली, म्हणजे सौदा करताना कुठे बोट ठेवायचे ते कळते.

पहिल्या पिढीच्या एक्स-१ मधील दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन लवकर झिजल्याच्या तक्रारी अनेक देशांतून आल्या. ही साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. त्यामुळे साखळी स्वतः फार महाग नसली, तरी तिथवर पोहोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीच खिसा रिकामा करते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूने खरखर किंवा साखळी घासल्यासारखा आवाज आला, तर त्या गाडीला दुरूनच नमस्कार करावा. २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एक्स-१ मध्ये नवे इंजिन बसवलेले आहे.

ऑडी क्यू-३ च्या सुरुवातीच्या डिझेल गाड्यांमध्ये फोक्सवॅगन समूहाचे ते इंजिन होते, ज्याच्या धुराच्या चाचणीतील लबाडी २०१५ मध्ये जगभर गाजली. त्या वर्षाच्या डिसेंबरात या समूहाने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत ऑडीच्याही गाड्या होत्या. तुम्ही पाहत असलेल्या गाडीत ती दुरुस्ती झाली आहे की नाही, हे चासिस क्रमांक देऊन अधिकृत केंद्रात विचारता येते.

क्यू-३ आणि जी.एल.ए. या दोन्ही गाड्यांत दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. महामार्गावर तो लोण्यासारखा चालतो. पण दिल्ली-गुडगावच्या रहदारीत तासन्‌तास इंच-इंच पुढे सरकताना क्लच तापतो आणि झिजतो. क्यू-३ च्या सात गिअरच्या या गिअरबॉक्सचे तेल साधारण साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते. ते महाग असल्याने अनेक मालक टाळतात. ‘तेल बदलल्याचे बिल दाखवा’ हा एकच प्रश्न विचारा. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ काही कळेल. गाडी चालवून पाहताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसत असतील, किंवा चढावर निघताना गाडी थरथरत असेल, तर गिअरबॉक्स खर्च मागतो आहे असे समजा.

याखेरीज काही खर्च सर्वच गाड्यांना लागू आहेत. बी.एम.डब्ल्यू.ला बहुधा हवा गेली तरी काही अंतर चालणारे जाड टायर असतात. ते महाग असतात, आपल्या खड्ड्यांतून कडक वाटतात, आणि बाजू फाटली की बदलावेच लागतात. काचेच्या मोठ्या छताच्या कडेने पाणी जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. उत्तरेकडच्या धुळीने त्या तुंबल्या, की पहिल्याच पावसात पाणी आत उतरते आणि वायरिंगचे नुकसान करते. बी.एम.डब्ल्यू.मध्ये साधी बॅटरी बदलली, तरी तिची नोंद संगणकाने गाडीत करावी लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला ही यंत्रे परवडत नाहीत. दिल्लीत काश्मीरी गेटला सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, मायापुरीला मोडीतल्या गाड्यांचे भागही मिळतात. पण ब्रेक, एअरबॅग, स्टीअरिंग अशा जिवाशी संबंधित गोष्टींत वापरलेला किंवा नकली भाग बसवून काटकसर करू नये.

हिशोब मांडूनच पाहा

समजा, नोएडातील एका कुटुंबाने ९ लाखांना आठ वर्षांची आलिशान डिझेल गाडी घेतली. नवी असताना ती ३६ लाखांची होती. तीन वर्षांनी ती साडेतीन लाखांना विकली जाईल असे धरू. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणे, लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर महिन्याचा खर्च असा येतो :

● किमतीतील घट : सुमारे १५,३०० रुपये
● देखभाल, टायर, दुरुस्ती : ७,५०० रुपये
● विमा : सुमारे २,५०० रुपये
● इंधन : सुमारे ६,२५० रुपये
● एकूण : साडेएकतीस हजारांच्या आसपास

आता त्याच कुटुंबाने १३ लाखांची नवी देशी बनावटीची एस.यू.व्ही. घेतली आणि तीन वर्षांनी ती साडेआठ लाखांना विकली असे समजा. पेट्रोल १०० रुपये आणि लिटरला पंधरा किलोमीटर धरू.

● किमतीतील घट : १२,५०० रुपये
● देखभाल, वॉरंटी असल्याने : १,००० रुपये
● विमा : ३,००० रुपये
● इंधन : सुमारे ५,५५० रुपये
● एकूण : बावीस हजारांच्या आसपास

आकडे तुमच्या गाडीप्रमाणे आणि शहराप्रमाणे बदलतील. ते स्वतः घालून पाहा. पण मुद्दा स्पष्ट होतो. जी गाडी चार लाखांनी ‘स्वस्त’ होती, तीच महिन्याला साडेनऊ हजारांनी महाग पडली. आणि या हिशोबात एखादी मोठी दुरुस्ती किंवा हिवाळ्यातील टॅक्सीचे भाडे धरलेलेच नाही. कर्ज काढून जुनी गाडी घेतली तर व्याजही जास्त पडते, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा दर बहुतेक ठिकाणी नव्यापेक्षा चढा असतो.

आणखी एक गोष्ट विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि मोठ्या गाड्यांवरचा उपकरासह असलेला बोजा कमी होऊन सरसकट ४० टक्के झाला. लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, की जुन्यांचे भावही उतरायला हवेत. एखादा विक्रेता त्याआधीच्या किमतीचा दाखला देऊन भाव सांगत असेल, तर त्याला हे आठवण करून द्या.

विम्यातली मेख

जुन्या गाडीचा विमा स्वस्त असतो, हा समजही अर्धवट आहे. १५०० सी.सी.पेक्षा मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीला केवळ त्रयस्थ पक्षाचा सक्तीचा विमाच २०२२ पासूनच्या दरानुसार वर्षाला ७,८९७ रुपये आहे. त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता वेगळा.

खरी मेख भरपाई घेताना कळते. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो. आलिशान गाडीचा पुढचा बंपर आणि त्यातले सेन्सर यांचे बिल समोर आले, की उरलेली रक्कम आपल्या खिशातून जाते. घसारा न कापणारी पॉलिसी पाच वर्षांनंतर पुष्कळ कंपन्या देत नाहीत, म्हणून गाडी घेण्याआधीच विचारून ठेवा.

पाण्यात बुडालेल्या इंजिनाचेही तसेच. साचलेल्या पाण्यात गाडी सुरू केल्याने इंजिन जाम झाले, तर साधी पॉलिसी भरपाई देत नाही. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. गुडगावच्या पावसाळ्यात ही जोड चैन म्हणता येणार नाही. गाडी नावावर होताच चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्या. मात्र जुन्या मालकाची ‘नो क्लेम बोनस’ची सवलत तुम्हाला मिळत नाही. ती माणसाबरोबर जाते, गाडीबरोबर नाही.

महाराष्ट्रात आणायची असेल तर

बँका, सैन्यदले, केंद्र सरकारची खाती यांत बदलीवर गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे दिल्लीत गाडी घेतात आणि दोन-तीन वर्षांनी घरी परततात. कित्येक जण केवळ गाडी आणण्यासाठी दिल्लीला जातात. दोघांनाही पुढचा खर्च आधी कळायला हवा.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर तेथे नव्याने नोंदणी करणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला लागतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीचा एकरकमी कर १५ टक्के आहे. जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, पण हिशोब सुरू होतो तो मूळ किमतीपासून, तुम्ही मोजलेल्या नऊ लाखांपासून नव्हे. कंपनीच्या नावावर गाडी ठेवायची असेल तर कर आणखी चढतो. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज, कागद आणि हेलपाटे आलेच.

मुदत संपत आलेल्या डिझेल गाडीबाबत तर जास्तच सावध राहा. तिला ना हरकत दाखला मिळेल का, आणि तुमच्या जिल्ह्याचे आर.टी.ओ. कार्यालय तिची नोंदणी करील का, हे पैसे देण्यापूर्वी दोन्हीकडे विचारून घ्या. ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या शब्दावर विसंबू नका. राजधानी क्षेत्र दिल्लीपुरते नाही, हेही ध्यानात ठेवा. हरियाणातील कर्नाल, उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर, राजस्थानातील अलवर हे जिल्हेही त्यात येतात.

सौदा करण्यापूर्वी

● आर.सी.वरचे नाव, चासिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल, तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

● सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक घालून थकलेली चलाने, विमा आणि पी.यू.सी.ची मुदत पाहा.

● किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. या गाड्यांत किलोमीटरची नोंद डॅशबोर्डखेरीज इतर संगणकीय भागांतही राहते. अधिकृत वर्कशॉपमध्ये दोन-चार हजार रुपये खर्चून यंत्राने तपासणी करून घ्या आणि सर्व्हिसचा जुना इतिहास मागा. विक्रेता तपासणीला नकार देत असेल, तर सौदा तिथेच थांबवा.

● गाडी पाण्यात बुडालेली नाही ना, हे पाहा. जुलै २०२३ मध्ये यमुनेच्या पुराने दिल्लीत पातळीचा उच्चांक गाठला होता. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, गालिच्याखाली ओल किंवा कुबट वास आहे का, हे तपासा. वातानुकूलन बंद करून काचा लावून पाच मिनिटे आत बसा, नाकाला कळते.

● इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

● १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आर.टी.ओ.चे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवायला सांगा. कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनांत किंमत थोडी जास्त असते, पण तपासणी आणि मर्यादित वॉरंटी मिळते. आलिशान गाडीच्या बाबतीत ते जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

● विकणाऱ्यांनीही सावध असावे. नुसती गाडी आणि चावी देऊन मोकळे होऊ नका. नमुना २९ व ३० भरून गाडी खरेदीदाराच्या नावावर झाली की नाही, हे पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आर.सी.वर ज्याचे नाव असेल त्याच्यावर येते, गाडी प्रत्यक्षात कुणाच्याही हाती असली तरी.

मग घ्यावी की नाही?

घेऊच नये, असे मुळीच नाही. ज्यांच्याकडे रोजच्या वापराला दुसरी साधी गाडी आहे, जे महामार्गावर लांबचा प्रवास करतात, ज्यांच्या शहरात या कंपनीचे वर्कशॉप किंवा जाणकार मेकॅनिक आहे आणि ज्यांना एखाद्या महिन्यात लाखाचे बिल आले तरी घर हलत नाही, त्यांना या गाड्या मनापासून आनंद देतात. मजबूत बांधणी, वेगातही न डगमगणारी चाल, रात्रीच्या प्रवासात पाठ न दुखवणाऱ्या सीट, आणि हे सर्व नव्या गाडीच्या पाव किमतीत! असा खरेदीदार फायद्यातच राहतो.

पण जिथे ही एकच गाडी आहे, मुलांची फी, घराचा हप्ता आणि आईवडिलांची औषधे यांतून महिनाअखेर कशीबशी गाठली जाते, तिथे तिच्या बोनेटवरचे चिन्ह घरातल्या शांततेवर उठते. पती हौसेने गाडी आणतो आणि पहिल्याच मोठ्या बिलाला मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडावी लागते. मग गाडी दारात उभी असते, पण पुढची दुरुस्ती निघेल या भीतीने तिला कुणी हात लावत नाही. शेजाऱ्यांच्या नजरेतले कौतुक दोन महिने टिकते, वर्कशॉपची बिले मात्र गाडी विकेपर्यंत येत राहतात.

तेव्हा गाडी पाहायला जाण्यापूर्वी एका संध्याकाळी पती-पत्नींनी मिळून वरचा हिशोब आपल्या आकड्यांनी मांडावा. जुळत असेल, तर निवांत मनाने गाडी घ्या. जुळत नसेल, तर तेवढ्याच पैशांत येणारी साधी, नवी किंवा कमी चाललेली गाडी निवडा आणि उरलेल्या पैशांत कुटुंबाला घेऊन चार दिवस कुठेतरी फिरून या.